बोहोलची अर्धी मोजणी

बोहोल नावाच्या बेटाची काळजी वाहणारी माणसं जगात दोनच ठिकाणी राहतात. एक खुद्द बोहोलमध्ये आणि दुसरं नाशिकला म्हसरूळमध्ये, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत. बोहोलमध्ये ती लाखांनी असतील, म्हसरूळमध्ये एकच आहे. पण काळजीचं वजन करायचं ठरवलं तर पारडं म्हसरूळकडे झुकेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हा एकटा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे धाकटे दीर. त्यांना नाव आहे, ते रेशनकार्डावर लिहिलेलं आहे, पण आमच्या घरात ते कधी कुणी घेतलं नाही. समोर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि माघारी "आत्याचे दीर". बोहोल हा फिलिपाईन्स देशाचा एक प्रांत असून त्याला चहूबाजूंनी समुद्र आहे, हे मी त्यांच्यामुळे शिकलो. पेठ आणि सुरगाणा यांतला कुठला तालुका वर आणि कुठला खाली, हे मला जन्म नाशकात जाऊनही पटकन सांगता येत नाही. पण कार्मेनहून टॅगबिलारनला निघालं तर बिलारचं जंगल आधी लागतं की लोबोकची नदी, हे मला झोपेतून उठवून विचारा. जंगल आधी लागतं.

काका भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार होते. म्हणजे दोन भावांत किंवा दोन शेजाऱ्यांत बांधावरून जुंपली की साखळी, टेबल आणि लाल निशाणं घेऊन जायचं, शेत मोजायचं आणि हद्द इथून जाते असं सांगायचं. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की मोजल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटेना. आम्ही नवा फ्लॅट घेतला तेव्हा ते बघायला आले. चपला काढल्या, पाणी नाकारलं आणि पावलं टाकत हॉल आडवा-उभा फिरून आले. मग खुर्चीत बसून वडिलांना म्हणाले, "छान आहे. सव्वा फूट कमी आहे, पण छान आहे." पुढे वर्षभर वडिलांना घरात कुठेही टेकलं तरी तो सव्वा फूट टोचत असे. लग्नाच्या पंगतीत बसले की ते दोन पाटांमधलं अंतर वितीने मोजून बघत आणि कमी भरलं तर शेजाऱ्याची माफी मागून स्वतः सरकत. दुसऱ्याला सरकायला सांगितलेलं मी कधी पाहिलं नाही.

खात्यात त्यांच्या एका गोष्टीची मात्र मोठी ख्याती होती. मोजणी असली की आजूबाजूच्या शेतवाल्यांना आधी नोटीस द्यावी लागते. या शेजाऱ्याला सरकारी भाषेत लगतधारक म्हणतात. नोटीस मिळूनही तो आला नाही तर त्याच्यावाचून मोजणी उरकता येते, असं कायदा सांगतो. काकांचा कायदा निराळा होता. लगतधारक आल्याशिवाय ते साखळीला हात लावत नसत. "त्याची पण हद्द आहे ती," ते म्हणत, "त्याच्या पाठीमागे कशी कायम करायची?" एकदा घोटीकडच्या एका खेड्यात सगळं गाव बांधावर जमलं आणि ज्याच्याशी भांडण, तो म्हाताराच गायब. भाताची पोती घेऊन घोटीच्या बाजाराला गेला होता. अर्जदाराने हात जोडले, पाटलांनी समजावलं, बरोबरच्या शिपायाला भूक लागली. काका आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसले. "दिवस मावळेपर्यंत वाट बघायची असते," एवढंच म्हणाले. म्हातारा खरोखरच दिवस मावळताना आला. झाडाखाली सरकारी माणूस बसलेला बघून म्हणाला, "सायेब, तुमी माज्यासाठी बसून ऱ्हायले व्हय? दिसभर?" मग त्याने आपणहून बांधाची खूण दाखवली आणि वीस वर्षांचं भांडण साखळी न उघडता मिटलं. तेव्हापासून कुठलीही गोष्ट लांबली की खात्यात लोक म्हणायचे, बसा आता आंब्याखाली.

तर अशा माणसाच्या हातात नव्वदच्या सुमाराला एक कॅलेंडर पडलं. त्यांच्या शेजाऱ्यांचा मुलगा मालवाहू बोटीवर इंजिनिअर होता. बोटीवरचा स्वयंपाकी बोहोलचा. त्याने प्रेमाने आपल्या गावाकडचं कॅलेंडर दिलं, ते याच्या ट्रंकेत सहा महिने चुरगळलं आणि अर्धं वर्ष उलटल्यावर, "काका, तुम्हाला कागदपत्रांची आवड आहे ना?" असं म्हणून त्याने ते काकांच्या गळ्यात मारलं. बारा पानं, बारा चित्रं. पांग्लाव बेटाची पांढरी वाळू, हिनाग्डानन गुहेतलं निळं पाणी, प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं बाक्लायोनचं चर्च, लोबोकची हिरवीगार नदी. आणि जानेवारीच्या पानावर त्या टेकड्या. एकीसारखी दुसरी, उलट्या ठेवलेल्या वाट्यांसारख्या गोल, क्षितिजापर्यंत टेकड्याच टेकड्या. उन्हाळ्यात त्यांच्यावरचं गवत वाळून तपकिरी होतं म्हणून त्यांना चॉकलेट हिल्स म्हणतात. काकांनी चित्र बघितलं, पान उलटलं आणि मागे बारीक अक्षरांत छापलेली माहिती वाचली. टेकड्यांची संख्या, तिथे लिहिलं होतं, एक हजार दोनशे अडुसष्ट ते एक हजार सातशे शहात्तर.

या "ते"ने काकांचं पुढचं आयुष्य व्यापलं. "मधल्या पाचशे आठ टेकड्या गेल्या कुठे?" असं ते आधी स्वतःला, मग खात्यातल्या लोकांना आणि शेवटी दिसेल त्याला विचारू लागले. "अरे, बांध वीतभर सरकला तर माणसं डोकी फोडतात. इथे पाचशे आठ टेकड्यांचा पत्ता नाही आणि कुणाला काही वाटत नाही. टेकड्या म्हणजे काय तीळ आहेत सांडायला?" एखाद्याला देव दिसावा तशी त्यांना ती टेकड्यांची मोजणी दिसू लागली. तिथे जायचं, उंचावर उभं राहायचं, शांतपणे मोजायचं आणि आकडा कायम करून परत यायचं. त्यांना दुसरं काही नको होतं.

ते कॅलेंडर भिंतीवर चढलं ते उतरलं नाही. वर्ष संपलं की डिसेंबरचं पान उलटून पुन्हा जानेवारी. वार अर्थातच जुळत नसत. पण काका भिंतीवरच्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवणारे, त्यामुळे अधूनमधून गोंधळ व्हायचा. मालेगावला माझ्या आतेबहिणीच्या लग्नाला ते एक दिवस आधी हजर झाले. मांडवात फक्त आचारी आणि कांद्याची पोती. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं तोवर आचाऱ्याच्या चारही माणसांना बोहोलची राजधानी पाठ झाली होती आणि वाढपी जिलबी वाढताना एकमेकांना "ए टॅगबिलारन" अशी हाक मारत होते.

बोलण्यात बोहोल कुठून शिरेल याचा नेम नसे. त्या बेटावर टार्सियर नावाचा मुठीएवढा प्राणी असतो. डोळे चेहऱ्याला न शोभण्याइतके मोठे, पण ते जागचे हलत नाहीत, म्हणून इकडेतिकडे बघायचं तर अख्खी मान फिरवावी लागते. काकांनी हे वर्णन कचेरीत केलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा हेडक्लार्ककडे वळल्या, आणि हेडक्लार्कने कोण बघतंय ते पाहायला अख्खी मान फिरवली. पुढे नवी भरती झालेल्यांना टार्सियर हे त्यांचं आडनावच वाटे. एक शेतकरी खिडकीशी येऊन "टारशेर सायेब हायेत का?" म्हणून चौकशी करून गेल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. आमच्या एका नातेवाइकाच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. सगळे ताटकळत उभे. काकांनी ती संधी साधून गोदावरी आणि लोबोक यांची तुलना सुरू केली. त्या नदीवर तराफ्यांवर बसून लोक जेवतात आणि काठावर मुली गातात, इथपर्यंत आले आणि कावळा झडप घालून पिंडाला शिवला. "तोसुद्धा कंटाळला," माझे मामा हळूच म्हणाले.

पेठकडे मोजणीला गेले की एप्रिलमधल्या त्या बोडक्या, वाळक्या टेकड्या बघून काका जीप थांबवायला लावत आणि दोन मिनिटं नुसते उभे राहत. "हे अगदी तेच आहे," ड्रायव्हरला सांगत, "फक्त टोकं जरा घासायला हवीत." या टेकड्या कशा झाल्या याच्या त्या बेटावर दोन गोष्टी सांगतात. एकीत दोन राक्षस कित्येक दिवस एकमेकांना दगड मारत राहिले आणि मग दमून निघून गेले. तेच हे दगड. दुसरीत एका राक्षसाची बायको माणसाच्या जातीची होती, ती मेली, तो रडला आणि त्याचे अश्रू वाळून टेकड्या झाल्या. काकांना दुसरी गोष्ट साफ नामंजूर होती. पहिलीबद्दल मात्र त्यांचं म्हणणं असे, "दगड मारण्यापर्यंत गेलं म्हणजे भांडण बांधावरूनच असणार. वेळेवर मोजणी झाली असती तर टेकड्या झाल्याच नसत्या."

या सगळ्यात एक अडचण होती. टेकड्या चॉकलेटी होतात उन्हाळ्यात, आणि शेतं रिकामी असतात म्हणून मोजणीचा हंगामही उन्हाळ्यातच. त्या दिवसांत मोजणीदाराला रजा मिळणं म्हणजे लग्नसराईत भटजीला रजा मिळण्यासारखं होतं. सहा-सात वर्षं अर्ज करून अखेर एका उन्हाळ्यात साहेबांनी कंटाळून रजा मंजूर केली. पाठोपाठ पासपोर्ट आला. काका तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि अजून बिनलग्नाचे. कुणी नको म्हणून नाही. मुली बघण्याच्या वयात ते दिवसभर लोकांच्या शेतात असायचे आणि मग ते वय निघून गेलं. आई लहानपणीच गेलेली. माझी आत्या अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आली ती या सातवीतल्या दिराला डबा करून द्यायलाच आली, असं ती म्हणायची. त्यामुळे आनंदाची बातमी पहिल्यांदा सांगायची ती वहिनीला. काकांनी एसटीडी बूथवरून मालेगावला फोन लावला. आत्याच्या घरामागे यंत्रमागांचं शेड आहे. तिथे खडखडाट सुरू असला की देवाने वर दिलेला ऐकू येत नाही, तिथे हा फोन.

"वहिनी, बोहोलचं नक्की केलं," काका ओरडले.

आत्याला ऐकू आलं, बोहल्याचं नक्की केलं. लग्नात नवरा-नवरी ज्यावर उभी राहतात त्या बोहल्याचं. ती तीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघत होती तेच नेमकं तिच्या कानावर पडलं होतं.

"खरं सांगता भाऊजी?"

"खरंच. कागद हातात आला आज."

आत्याला वाटलं, मुलीची पत्रिका. "कधीचं धरलंय?"

"एप्रिल. एप्रिलमध्ये रंग बघण्यासारखा असतो. एकदम चॉकलेटी."

"रंगाचं काय घेऊन बसलात? सावळी तर सावळी. माणसं चांगली आहेत ना?"

"फार चांगली. पण दोनशे चौदा पायऱ्या चढून वर जावं लागतं."

आत्याने हिशोब केला की लग्न सप्तशृंगीच्या गडावर आहे. देवीच्या पायाशी म्हणजे उत्तमच. तिने फोन ठेवला, गल्लीत पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोन भारी साड्या, नारळ आणि खणांची पिशवी घेऊन ती म्हसरूळला दाखल झाली. योगायोगाने मी तिथे होतो. काका टेबलावर नकाशा पसरून बसले होते. आत्याने आधी त्यांची दृष्ट काढली, मग पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "मुलगी कुठली?"

काकांनी नकाशावर बोट ठेवलं. उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. आत्या हळूहळू पलंगावर बसली.

"मग मुलगी?"

"मुलगी नाही, वहिनी. टेकड्या आहेत."

मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबलं, कारण आत्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. ती बराच वेळ मांडीवरच्या साडीची घडी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कुठंही जा. मी कधी आडवी आले नाही. पण तीस वर्षांत मला एवढा आनंद झाला नव्हता. आता परत जाऊन गल्लीत काय सांगू?" काकांनी नकाशाची घडी घातली. दुसऱ्याला सरकायला लावायचं नाही, आपण सरकायचं, हा त्यांचा पंगतीतला नियम त्या दिवशी त्यांना भलताच महागात पडला. ते म्हणाले, "एक मुलगी बघतो. एकच." रजा हातात होतीच.

आत्याने वेळ दवडला नाही. सटाण्याला एक शिक्षिका होत्या, चाळिशी ओलांडलेल्या, धाकट्या भावंडांचं सगळं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. जाताना जीपमध्ये आत्याने काकांना बजावलं, "तिथं बोहोलचा 'ब' काढायचा नाही." काकांनी शब्द पाळला. पोहे खाल्ले, कांद्याच्या पिकावर चर्चा ऐकली, मुलीच्या भावाने "काही छंद वगैरे?" असं विचारल्यावर आत्याकडे बघून "नाही" म्हणाले. एवढं खोटं ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले असतील. सगळं सुरळीत पार पडणार इतक्यात बाईंनी सहज विचारलं, "येताना आमचे डोंगर बघितले का? कसे वाटले?" झालं. आत्याने डोळे मिटून घेतले. बागलाणच्या डोंगरांवरून निघालेले काका तिसऱ्या मिनिटाला कार्मेनला पोचले होते. टेकड्या, गवत, राक्षस, टार्सियर, तराफे, सगळं झालं. बाईंचे भाऊ आत्याकडे आणि आत्या छताकडे बघत राहिली. शेवटी काका थांबले. बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि शाळेतली मराठी बाजूला ठेवून घरच्या अहिराणीत विचारलं, "मंग त्या टेकड्या नेमक्या कितल्या शेतस?"

सात वर्षं काका लोकांना बोहोल सांगत होते. लोकांनी त्यांना तिकिटाचं विचारलं, तिथे खायला काय मिळतं ते विचारलं, तुम्ही बरे आहात ना असंही विचारलं. टेकड्या नेमक्या किती, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. काका बाईंकडे बघतच राहिले. त्यांचं लहानपणही मालेगावच्या अहिराणीतच गेलेलं. म्हणाले, "तेच तर कोनले माहीत नही." पुढच्या पंधरवड्यात लग्न झालं. बोहोलसाठी मिळालेली रजा बोहल्यावर खर्ची पडली. पंगतीत उखाण्याचा आग्रह झाला तेव्हा काकूंनी जराही न लाजता घेतला:

बाराशे की सतराशे, लागेना काही मेळ,
...रावांचं नाव घेते, मोजू मिळून, होऊ दे वेळ.

वेळ चांगला नऊ वर्षं झाला. काकांचा उन्हाळा मोजणीत आणि काकूंचा परीक्षांत. पण घरात आता बोहोलचे दोन मोजणीदार होते, आणि काकांच्या त्या घराला मी कधी इतकं ऐसपैस पाहिलं नव्हतं. काकू महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरचं पान उलटायच्या आणि शेजारी खऱ्या तारखांचं दुसरं कॅलेंडर लावायच्या, म्हणून काका लग्नकार्याला वेळेवर पोचू लागले. राक्षसांच्या गोष्टीवरून मात्र दोघांचं पटलं नाही. "तो रडला म्हणूनच झाल्या टेकड्या," काकू म्हणायच्या. काका म्हणायचे, "बांधावरूनच."

काका निवृत्त झाले आणि पुढच्याच एप्रिलमध्ये दोघं निघाली. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मोजणीची वही. परत आल्यावर आमच्याकडे जेवायला आली तेव्हा सगळं काकूंनी सांगितलं. पांग्लावच्या वाळूत काकांनी पावलं टाकून किनारा मोजायला घेतला आणि भरती आल्यामुळे मोजणी तहकूब करावी लागली. लोबोकच्या तराफ्यावर दोघांनी दशमी-चटणी खाल्ली. काठावर मुली गाणं म्हणत होत्या; गाणं संपल्यावर नुसतं उठून जाणं बरं दिसेना, म्हणून काकूंनी उलट भोंडल्याचं एक गाणं म्हणून दाखवलं आणि त्या मुलींनी टाळ्यांनी ताल धरला. टार्सियर दिसला तेव्हा त्याने हळूच मान फिरवून काकांकडे पाहिलं आणि काकांच्या तोंडून सवयीने "नमस्कार साहेब" निघून गेलं. येताना आमच्यासाठी कलामाय आणली होती. तांदूळ, नारळ आणि गुळासारख्या साखरेचा चिकट गोड पदार्थ, नारळाच्या करवंटीत भरून वर लाल कागदाची पट्टी. काका म्हणाले, "सील न फोडता आणली आहे."

"आणि टेकड्या?" मी विचारलं.

पायऱ्या आधी मोजल्या, काकू म्हणाल्या. दोनशे चौदा बरोबर भरल्या. त्यामुळे यांना हुरूप आला. वर गेल्यावर दोघांनी कठड्यावर हद्द ठरवली. उजवी बाजू काकांची, डावी काकूंची. दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही. बाकी प्रवासी आले, फोटो काढून गेले. काकांनी आपल्या बाजूचा आकडा वहीत लिहिला आणि विचारलं, "तुझ्या किती?" काकू हसल्या. "झाल्या मोजून."

"अहो, पण किती?"

"मला परत इथे घेऊन याल तेव्हा सांगते."

आमच्या जेवणाच्या टेबलावरही त्यांनी सांगितलं नाही. काकांनी वही उघडून दाखवली. उजवीकडे त्यांचा आकडा होता. तो मी इथे देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. डावीकडे त्यांच्या मोजणीच्या अक्षरात लिहिलं होतं, "लगतधारक हजर. जबाब बाकी." पुढे काकांनी नाना उपाय केले. शेवभाजी स्वतः केली, पाडव्याला साडी आणली, एकदा तर रीतसर नोटीस लिहून काकूंच्या उशाशी ठेवली. काकूंनी ती नोटीस सही करून स्वीकारली आणि आकडा सांगितला नाही. मी एकदा स्वयंपाकघरात त्यांना एकटं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगितला तर हे वही मिटून टाकतील. मग दोघं म्हातारे बसून बोलणार काय?"

परत जायचं दर उन्हाळ्यात ठरायचं. एकदा काकांचा गुडघा आडवा आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी, जानेवारीचं पान उलटायच्या आधीच, काकू गेल्या. चारच दिवसांचं आजारपण. मला त्या फार आवडायच्या. त्यांच्या दहाव्याला रामकुंडावर काका लोबोकबद्दल एक शब्द बोलले नाहीत आणि कावळा लगेच शिवला. मला तेव्हा मामांची आठवण झाली आणि हसू आलं नाही.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी एका संध्याकाळी मी म्हसरूळला गेलो. काका गॅलरीत चामरलेण्याच्या डोंगराकडे तोंड करून बसले होते. शेजारी एक रिकामी खुर्ची. भिंतीवर जानेवारीचं पान होतं, खरं तर पावसाळा संपत आला होता. मांडीवर ती वही. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग ते आपणहून म्हणाले, "ती राक्षसाची गोष्ट रे. तिचंच बरोबर असावं. बांधावरच्या भांडणाने एवढ्या टेकड्या होत नाहीत."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, माझी रजा शिल्लक आहे. येत्या एप्रिलमध्ये आपण जाऊ. तुम्ही नुसते बसा, डावी बाजू मी मोजतो. आकडा पुरा होईल."

त्यांनी वही उघडली, डाव्या बाजूवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "ती बाजू तिची आहे. तिच्या पाठीमागे कशी कायम करायची?"

"मग आता?"

"आता काय," काका म्हणाले. "नोटीस दिलेली आहे. तिची सही आहे. दिवस मावळेपर्यंत वाट बघायची असते."

मी ती रिकामी खुर्ची तशीच राहू दिली, आतून एक स्टूल आणलं आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसलो.